केस जिंकली, पण व्हिसा कुठे आहे?

आमच्या मेलबर्नच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाचा मेसेज आला, "कोर्टात जिंकलो!" खाली लगेच अभिनंदनाची रांग लागली, पेढ्यांची मागणी झाली, कुणीतरी गणपतीचा फोटोही टाकला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, व्हिसा आता किती दिवसांत येईल?"

मी म्हटलं, अरे, व्हिसा येणार नाही. निदान आत्ता तरी नाही. तुझी फाइल परत मागच्या टेबलावर गेली आहे. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

त्याचा दोष नाही. ऑस्ट्रेलियात निर्वासित म्हणून आश्रय मागणाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि तो कोर्टात गेला, तर कोर्ट नेमकं काय करतं, हे भल्याभल्यांना कळत नाही. बातम्याही 'कोर्टाने आश्रय दिला', 'कोर्टाने आश्रय नाकारला' अशाच येतात. खरं तर कोर्ट यातलं काहीच करत नाही.

मी वकील नाही, दुभाषी आहे. कामात ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही हा आमचा पहिला नियम, त्यामुळे इथे कुणाचीही केस सापडणार नाही. ही व्यवस्था कशी चालते तेवढं सांगते.

आधी टेबलं मोजू

इथे येऊन आश्रय मागणाऱ्याला जो व्हिसा मिळतो त्याला प्रोटेक्शन व्हिसा म्हणतात. त्याचा पाया १९५१ चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार, आणि नियम ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन कायद्यात. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट समाजगटाचा सदस्य असणं, या पाचांपैकी एखाद्या कारणामुळे मायदेशी छळ होईल अशी साधार भीती हवी. पाचांत न बसणाऱ्यांसाठी २०१२ पासून दुसरी वाट आहे: परत पाठवलं तर जीव जाण्याचा, यातना होण्याचा किंवा तसाच गंभीर धोका असला पाहिजे.

पहिलं टेबल गृहखात्याच्या अधिकाऱ्याचं. तो मंत्र्यांच्या वतीने निर्णय देतो. त्याने नाही म्हटलं तर दुसरं टेबल ट्रायब्युनलचं, म्हणजे खात्याचे निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणाचं. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल. त्याआधीचं नाव एएटी (ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनल) जुन्या लोकांच्या तोंडात अजून आहे. तिथेही नकार आला तर तिसरं टेबल फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टाचं. त्याच्या वर फेडरल कोर्ट, आणि सगळ्यात वर हायकोर्ट. इथे आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो, कारण ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट. त्याच्या वर काही नाही.

तिसऱ्या टेबलापाशी खेळाचे नियमच बदलतात, आणि घोळ तिथेच होतो.

पुनर्मूल्यांकन वेगळं, गुणपडताळणी वेगळी

दहावी-बारावीचा निकाल लागला की बोर्डाकडे दोन वेगळे अर्ज करता येतात, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईबापाला पाठ असतं. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसरा परीक्षक उत्तर पुन्हा वाचतो आणि त्याच्या मते किती गुण ते ठरवतो. गुणपडताळणीत उत्तर चांगलं की वाईट हा प्रश्नच नसतो. बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, पुरवणी जोडलेली असूनही उघडलीच नाही असं झालं का, एवढंच बघतात.

ट्रायब्युनल म्हणजे पुनर्मूल्यांकन. तो अर्जदाराला समोर बसवतो, प्रश्न विचारतो, नवे कागद घेतो आणि स्वतःचं मत बनवतो. बोर्डापेक्षा उदारच म्हणायचा, कारण इथे नवी पुरवणीही जोडता येते. मात्र पहिल्या अर्जात नसलेला दावा उशिरा पुढे आणला आणि उशिराचं पटण्याजोगं कारण दिलं नाही, तर त्याच्या खरेपणाबद्दल प्रतिकूल अर्थ काढा, असं कायदाच ट्रायब्युनलला सांगतो.

कोर्ट म्हणजे गुणपडताळणी. तुम्ही खरे की खोटे, गावी गेलात तर मारतील की नाही, यावर न्यायाधीश मत देत नाहीत. ट्रायब्युनलने निर्णय कायद्याने दिला का, एवढंच ते बघतात. याला न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात. मुंबई हायकोर्टात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करतात, तिचीच ही चुलत बहीण. दोघींचं माहेर इंग्लंडचा जुना कायदा.

बोर्डाशी तुलना एका जागी तुटते. बोर्डाला बेरीज चुकलेली सापडली तर तेच गुण वाढवून देतं. कोर्ट गुण वाढवत नाही. उत्तरपत्रिकेवर 'पुन्हा तपासा' लिहून ती परत पाठवतं, बस.

बहुतेक अर्जदार कोर्टात वकिलाशिवाय उभे असतात. सगळं धैर्य गोळा करून ते गावची सगळी हकीकत सांगायला लागतात. न्यायाधीश ऐकून घेतात आणि मग शांतपणे म्हणतात, "हे ठरवायचा अधिकार मला नाही." हे वाक्य मराठीत सांगताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही. त्याला वाटतं, दार लावलं. खरं तर ते दार या इमारतीत कधी नव्हतंच.

मग कोर्ट धरतं तरी कुठली चूक?

त्या चुकीला वकील अधिकारक्षेत्राची चूक म्हणतात. शब्द भारदस्त आहे, अर्थ साधा: ट्रायब्युनलला जसा निर्णय द्यायचा अधिकार कायद्याने दिला होता, तसा तो दिला नाही. यापुढे मी नुसतं 'चूक' म्हणेन.

प्रत्यक्षात ती कशी दिसते हे कळायला जुने खटले बघावेत. त्यांची नावं विचित्र वाटतील. आश्रय मागणाऱ्याचं खरं नाव कोर्टाने छापू नये असा कायदा आहे, म्हणून खटल्यांना अक्षरं आणि आकडे देतात. मायदेशी कुणी निकाल शोधला तर सापडू नये, हा हेतू.

'एसझेडबीईएल' हा एक इराणी खलाशी. ख्रिस्ती धर्माकडे ओढा असल्याने परत गेलो तर धोका आहे, असं त्याचं म्हणणं. खात्याच्या अधिकाऱ्याने नकार दिला. ट्रायब्युनलनेही दिला, पण वेगळ्या कारणाने: त्याच्या हकिकतीतले तीन भाग पटत नाहीत. गंमत अशी की या तीन भागांवर अधिकाऱ्याने शंका घेतली नव्हती आणि सुनावणीतही कुणी 'हे आम्हाला पटत नाही' असं त्याला म्हटलं नव्हतं. २००६ मध्ये हायकोर्टाने एकमताने निर्णय रद्द केला. ज्या मुद्द्यावर माणूस हरणार आहे, तो मुद्दा त्याला आधी कळला पाहिजे. आपण याला नैसर्गिक न्याय म्हणतो. तो खलाशी खरं बोलत होता की नाही, हे हायकोर्टाने ठरवलं नाही.

दुसरा खटला एका रशियन व्यावसायिकाचा, २००३ मधला. त्याचं म्हणणं होतं, गुन्हेगारीकडे काणाडोळा करणाऱ्या यंत्रणेवर उघड टीका करणाऱ्या व्यावसायिकांना धोका आहे. ट्रायब्युनलने तपासलं काय, तर रशियात व्यावसायिकांना धोका आहे का. प्रश्न एक, उत्तर भलत्याचं. स्पष्ट मांडलेल्या दाव्याला उत्तरच न देणं ही चूक ठरली. तपासायची राहिलेली पुरवणी ती हीच.

तिसरा खटला त्याच वर्षीचा, 'एस ३९५'. बांगलादेशातले दोन समलिंगी पुरुष. ट्रायब्युनलचा सूर असा की ते गुपचूप राहत होते, पुढेही तसेच राहिले तर त्यांना त्रास होणार नाही. चार विरुद्ध तीन अशा मतांनी हायकोर्टाने हे फेटाळलं. ते लपून राहतात ते छळाच्या भीतीनेच का, हा खरा प्रश्न होता आणि ट्रायब्युनलने तो विचारलाच नाही. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात माणुसकीचा निकाल, आणि तरीही तो दिलाय कायद्याच्या चिमट्यातून: कायद्याचा प्रश्न चुकीचा वाचला, एवढंच कारण.

धोका किती असायला हवा याचं मापही ठरलेलं आहे. १९८९ मध्ये हायकोर्टाने म्हटलं की छळाची 'खरीखुरी शक्यता' पुरे, निम्म्याहून जास्त असायची गरज नाही. एका न्यायमूर्तींनी तर दहा टक्के शक्यताही पुरेशी ठरू शकते असं लिहिलं. ट्रायब्युनलने याहून कडक माप लावलं, तर तीही चूक.

आणि काय चालत नाही? 'माझ्यावर विश्वास ठेवला नाही.' 'माझ्या कागदांना पुरेसं वजन दिलं नाही.' नव्वद टक्के अर्जदारांच्या मनात हेच असतं, आणि कोर्टात नेमकं हेच पडतं. ट्रायब्युनलच्या निकालातली वाक्यं भिंगाखाली धरून, चूक शोधायचीच या इराद्याने वाचू नयेत, असंही हायकोर्टाने १९९६ मध्येच सांगून ठेवलंय.

'काल-परवा'ची गोष्ट

आमच्या धंद्यातली एक चूक इथे सांगायलाच हवी. समजा, अर्जदार म्हणाला, "काल-परवापर्यंत धमकीचे फोन येत होते." आपल्याला कळतं, अलीकडेपर्यंत येत होते. दुभाष्याने सांगितलं, "कालपर्यंत किंवा परवापर्यंत." ट्रायब्युनलच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं की शेवटचा फोन चार महिन्यांपूर्वी आला. झालं, विसंगती सापडली. नुसता 'परवा' तर आणखी धोक्याचा, कारण मराठीत तो होऊन गेलेला दिवसही असतो आणि यायचा दिवसही. आणि 'अंकल' म्हणजे काका की मामा की शेजारचे जोशी, हे इंग्रजीतून परत येताना हरवतं ते हरवतंच.

दुभाष्याचं काम इतकं वाईट होतं की माणसाला आपलं म्हणणं मांडताच आलं नाही, असं दाखवता आलं तर कोर्ट दखल घेतं. १९९९ मध्ये फेडरल कोर्टाच्या न्यायमूर्ती केनी यांनी एका श्रीलंकन अर्जदाराच्या प्रकरणात याच कारणाने निर्णय रद्द केला. ट्रायब्युनलच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग होतं. ते मागवून, नीट ऐकून, चुकलेली जागा लिहून दाखवावी लागते. एरवी कोर्ट नवा पुरावा घेत नाही. आतमध्ये काय घडलं ते दाखवणारा असा पुरावा मात्र घेतं.

"चूक सापडली, मग जिंकलोच ना?"

तसंही नाही. चुकीमुळे काही बिघडलं असतं का, हेही बघतात. चार विषयांत नापास झालेल्या मुलाच्या एका प्रश्नाची बेरीज चुकली आणि ती सुधारूनही तो नापासच राहणार असेल, तर उपयोग नाही. ही अट फार जड मात्र नाही. २०२४ मध्ये हायकोर्टाने स्पष्ट केलं की चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, एवढं पुरे. वेगळा लागलाच असता हे सिद्ध करावं लागत नाही.

पस्तीस दिवस

ट्रायब्युनलकडे जायला खात्याचा नकार कळवल्यापासून साधारण २८ दिवस असतात, आणि ती मुदत कुणीही वाढवून देत नाही. स्थलांतरितांच्या डिटेन्शनमध्ये, म्हणजे कोठडीत असलेल्यांना त्याहूनही कमी दिवस मिळतात.

कोर्टात जायला ३५ दिवस. हे मोजायचे ट्रायब्युनलच्या निर्णयाच्या तारखेपासून, तुम्ही ईमेल उघडलात त्या दिवसापासून नाही. निकालाच्या कागदावर ती तारीख छापलेली असते. लोक मात्र पाकिटावरची तारीख धरतात, किंवा एजंटाने फोन केला तो दिवस. मुदत हुकली तर कोर्ट वाढवू शकतं, पण न्यायदानाच्या दृष्टीने ते गरजेचं का, हे लेखी सांगावं लागतं, आणि मूळ अर्जात काही दम आहे का हेही न्यायाधीश चाळून बघतात.

अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र, सोबत ट्रायब्युनलचा निकाल. समोरचा पक्ष म्हणजे मंत्री. ट्रायब्युनल नावापुरता दुसरा प्रतिवादी, तो सहसा 'कोर्ट म्हणेल ते मान्य' म्हणून बाजूला बसतो. मंत्र्यांचे वकील सगळे जुने कागद एकत्र बांधून, पानांना आकडे घालून एक जाडजूड गठ्ठा पाठवतात. त्याला कोर्ट बुक म्हणतात. अर्जदाराने स्वतः कधी न पाहिलेली पानं त्यात असू शकतात. ते टपालाने आलं की लोक कपाटावर ठेवून देतात. ठेवू नका. चूक असली तर त्यातच असते.

मग वाट बघायची, बरेचदा वर्षानुवर्षं. या काळात देशात राहायला ब्रिजिंग व्हिसा लागतो. कोर्टात अर्ज केला म्हणून तो आपोआप चालू राहतो असं धरून चालू नये, कामाची परवानगी राहते असंही नाही. हरलात तर मंत्र्यांच्या वकिलांचा ठरावीक खर्च तुमच्यावर येतो, हजारो डॉलरचा. तो भरला नाही तर सरकारचं देणं म्हणून नावावर राहतो आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जाला आडवा येतो.

"आपल्या माणसाला कसला आलाय धोका?"

ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो, बहुधा ज्यांना पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळून दहा वर्षं झाली त्यांच्याकडून. भारतीय अर्जदारांना नकार मिळतो तो बऱ्याचदा एका खास कारणाने. कायदा म्हणतो, धोका मायदेशाच्या सगळ्या भागांत असला पाहिजे. समजा, मराठवाड्यातल्या एका जोडप्याने जातीबाहेर लग्न केलं आणि मुलीचे भाऊ जिवावर उठले. ट्रायब्युनल विचारणार, गाव सोडून मुंबईला का नाही राहिलात? भारत मोठा देश आहे, प्रश्न रास्तही आहे. मुंबईत राहणं त्या दोघांना जड जाईल, एवढं म्हणून निर्वासितांच्या वाटेने भागत नाही. ते रास्त ठरेल का हा विचार २०१२ च्या त्या दुसऱ्या वाटेत होतो. पण त्या जोडप्याने सांगितलं असेल की भाऊ मुंबईतच पोलिसात आहे, आणि निकालात या वाक्याचा मागमूस नसेल, तर ती तपासायची राहिलेली पुरवणी आहे.

"हा सगळा वेळ काढायचा धंदा आहे"

काही प्रमाणात आहे, हे मी कबूल करते. शिक्षणाचा व्हिसा संपत आलेल्या पोरांना 'प्रोटेक्शन टाकून दे, चार-पाच वर्षं काम करता येईल' असं सांगणारे लोक आहेत. पोराला कधी कधी आपल्या नावाने अर्जात काय कहाणी लिहिली आहे हेही माहीत नसतं, आणि सुनावणीत ती त्यालाच सांगायची वेळ येते. तो प्रसंग बघवत नाही. एकदा नकार मिळाला की देशात राहून दुसऱ्यांदा प्रोटेक्शन व्हिसा मागायलाही सहसा बंदी असते.

यावर उपाय झाले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने १६ कोटी डॉलर जाहीर केले: ट्रायब्युनलला दहा जादा सदस्य (तिथे निर्णय देणारे), कोर्टाला दहा जादा न्यायाधीश, आणि नव्या अर्जांचा आधी निकाल, म्हणजे रांगेत वेळ काढायचा फायदाच उरू नये. कोर्टात वकिलाला लिहून द्यावं लागतं की या अर्जात यश यायला रास्त आधार आहे. फुसकी केस रेटली तर खर्च त्याच्या खिशातून जाऊ शकतो. मायग्रेशन एजंटला तर कोर्टात उभं राहण्याचा अधिकारच नाही, तो वकीलही असला तर गोष्ट वेगळी. 'कोर्टाचंही मीच बघतो' म्हणणारा भेटला तर एवढं आठवा.

पण वेळ काढणाऱ्यांमुळे हा रस्ता बंद करा, असं म्हणणाऱ्यांना सांगते, तोही प्रयत्न झालाय. २००१ मध्ये संसदेने कायद्यात घातलं की असे निर्णय अंतिम असतील, कोर्टात त्यांना आव्हान देता येणार नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये 'एस १५७' खटल्यात हायकोर्टाने ते कलम रद्द केलं नाही. फार शिताफीने त्याचा अर्थ लावला. ज्यात अधिकारक्षेत्राची चूक आहे तो कायद्याच्या नजरेत निर्णयच नव्हे, म्हणून या कलमाचं कवच त्याला लागू नाही. मागे राज्यघटनेचं ७५ वं कलम उभं होतं: केंद्राच्या अधिकाऱ्याला आदेश देण्याचा हायकोर्टाचा अधिकार संसदेला काढून घेता येत नाही.

जिंकलेल्याचं पुढे काय

आता त्या मुलाकडे येते. त्याची केस सुनावणीपर्यंत गेलीच नाही. मंत्र्यांच्या वकिलांनीच चूक मान्य केली आणि संमतीने आदेश झाला. असं होतं. जुना निर्णय रद्द, ट्रायब्युनलने कायद्यानुसार पुन्हा निर्णय द्यावा. बहुधा दुसरा सदस्य बसेल, सुनावणी पुन्हा होईल.

आणि ती सुनावणी जुन्या तारखेला गोठलेली नसते. ट्रायब्युनल धोका बघतो तो निर्णय देण्याच्या दिवशीचा. मधल्या वर्षांत गावातलं सरकार बदललं असेल, धमकी देणारा मेला असेल किंवा आमदार झाला असेल, अर्जदाराचं इथे लग्न झालं असेल. जुनी हकीकत तीच सांगावी लागते, कारण आधीची सगळी उत्तरं फाइलमध्ये आहेत आणि नवा सदस्य ती वाचून आलेला असतो. आणि आजचे कागद नव्याने गोळा करावे लागतात. नवा सदस्य कायद्यात एकही चूक न करता पुन्हा नाही म्हणू शकतो.

हे सगळं ऐकून त्याने विचारलं, "म्हणजे आईला आता काय सांगू?" मी म्हटलं, सांग की पेपर पुन्हा तपासायला गेलाय. आणि तिला म्हणावं, त्या वर्षीची पोलीस तक्रारीची पोच कपाटात असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठव.